हॉटेलचं तैलचित्र साधन म्हणून कसं वाचायचं?



मागच्या वेळी आपण प्राथमिक आणि दुय्यम साधनांबद्दल बोललो होतो. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की कागदपत्रं सोडून दुसरं काही साधन म्हणून चालतं का? एखादं चित्र चालेल का? खरं सांगायचं तर उत्तर लिहायचा मी कंटाळा करत होते. पण गेल्या महिन्यात मावसभावाने एक फोटो पाठवला आणि लिहायला बसावंच लागलं.

मावसभाऊ कशेळीचा. ठाण्याहून भिवंडीकडे निघालात की बाळकूम संपतं, मग खाडीवरचा पूल, आणि पूल उतरलात की कशेळी. पुढे काल्हेर, आणि दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. पोरगा चित्रकलेचं शिक्षण घेतोय. त्याने गावातलं रस्त्यालगतचं एक हॉटेल तैलरंगात रंगवलं होतं. हॉटेल म्हणजे आपल्या अर्थाने हॉटेल: चहा, मिसळ, भजी, समोर हात धुवायला पिंप. सकाळी गोदामातले हमाल आणि टेम्पोवाले, दुपारी कॉलेजची पोरं. रस्त्याच्या कामात ही जागा राहणार की जाणार, याची चर्चा गावात दोन-तीन वर्षं चालू आहे. मालकांनी ‘आमचं नाव कुठे टाकू नकोस’ असं बजावलंय, म्हणून नाव देत नाही.

फोटोखाली मेसेज होता: ‘ताई, हे तुझ्या थिसिसमध्ये घेशील का?’

माझा थिसिस तैलरंगाच्या थरांवर दमट हवेचा काय परिणाम होतो यावर आहे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, मग इकडे वळले. त्यामुळे हे चित्र घेण्याचा प्रश्न नव्हता, रंग अजून ओला होता! पण त्याच्या प्रश्नात तुमचाच प्रश्न होता. पन्नास वर्षांनी कशेळीचा इतिहास लिहिणारं कुणी हे चित्र हातात घेतलं, तर त्यांनी त्यावर किती विश्वास ठेवावा?

कारण चित्रात दोन गडबडी होत्या. हॉटेलसमोर आज मेट्रो ५ चा भलामोठा खांब आहे, तो चित्रात नाही. आणि दारात एक झाड आहे, जे प्रत्यक्षात कधीच तोडलंय. वर मालकांची तिसरी तक्रार: ‘माझी टेबलं पाच आहेत, यात तीनच दिसतात.’

आता लगेच ‘मग हा पुरावा खोटा’ असा शेरा मारू नका. आधी खाडीच्या अलीकडे, ठाण्यात येऊ. असा प्रश्न उभा करणारं एक फार महत्त्वाचं चित्र ठाण्यातल्या एका डॉक्टरांच्या नावावर आहे.

सुधीर पटवर्धन. जन्म १९४९, पुणे. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमधून १९७२ साली डॉक्टर झाले, पुढच्या वर्षी मुंबईला आले आणि १९७५ पासून २००५ पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस केली. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. तीस वर्षं एक्स-रे बघितले आणि त्याच तीस वर्षांत उरलेल्या वेळात कॅनव्हास रंगवले. १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या गाजलेल्या प्रदर्शनात भूपेन खक्कर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, जोगेन चौधरी आणि नलिनी मलानी यांच्यासोबत ते होते. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं होतं. पाहिलं नसेल तर हळहळा, कारण एवढं काम एकत्र पुन्हा कधी बघायला मिळेल कोण जाणे.

त्यांचं १९७७ चं एक तैलचित्र आहे, ‘इराणी रेस्टॉरंट’.

इथे थांबून आधी नुसत्या शीर्षकाकडे बघा. संशोधनाची ही पहिली सवय लावून घ्या: साधन उघडण्याआधी त्याचं नाव वाचा. शीर्षकात ‘कयानी’ नाही, ‘बास्तानी’ नाही, कुठल्या नाक्याचंही नाव नाही. नुसतं इराणी रेस्टॉरंट. म्हणजे चित्रकाराने आपल्याला एक प्रकार सांगितलाय, पत्ता नाही. तुमच्या संशोधनाचा विषय ‘धोबी तलावच्या अमुक हॉटेलात किती आरसे होते’ असा असेल, तर हे साधन तुमच्या कामाचं नाही. विषय ‘१९७० च्या दशकात शहरात नव्याने आलेल्या माणसाला इराण्याचं हॉटेल म्हणजे काय वाटत होतं’ असा असेल, तर याच्याइतकं चांगलं साधन शोधून सापडायचं नाही.

जे लहान गावांतून वाचतायत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणच्या यझ्द, करमान भागांतून बरीच माणसं मुंबईत आली. बहुतेक झरथुष्ट्री, काही मुसलमान. त्यांतल्या अनेकांनी नाक्यांवर चहाची दुकानं टाकली. कयानी १९०४ चं, ग्रँट रोडचं बी. मेरवान १९१४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, गल्ल्यावर मालक. बनमस्का, ब्रून, खारी. आपल्याकडे तर ‘इराण्याकडे बसू’ म्हटलं की पुढे हॉटेल हा शब्द लागतच नाही. एका चहावर तासभर बसता यायचं. चाळीतल्या खोलीत दहा माणसं राहत असतील, तर एका टेबलाची ही मोकळी जागा किती मोलाची असेल याचा विचार करा.

आता पटवर्धनांकडे. १९७० च्या दशकात ते जी चित्रं करत होते, त्यांत माणसाचं शरीर कॅनव्हासची बरीचशी जागा अडवून बसलेलं असतं. जड, कष्टाचं, कधी अवघडलेलं. शहराची दूरवर पसरलेली दृश्यं त्यांच्याकडे ऐंशीच्या दशकात जास्त येऊ लागली. डाव्या विचारांकडे ओढा असलेला एक तरुण डॉक्टर महानगरात येतो, आणि आपण ज्यांच्यातले नाही अशा कामकरी माणसांना रंगवायचा हक्क आपल्याला आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारत राहतो. अशा माणसाने इराण्याचं हॉटेल निवडावं याचं मला अजिबात नवल वाटत नाही. शहरात डॉक्टर आणि हमाल एकाच उंचीच्या खुर्चीवर बसतील अशा जागा फार नव्हत्या.

एक सावधगिरीची सूचना. ‘रेडिओलॉजिस्ट असल्यामुळे त्यांना माणसाच्या आतलं दिसतं’ हे वाक्य तुम्हाला पटवर्धनांवरच्या लेखनात वेगवेगळ्या रूपांत भेटेल. वाक्य सुंदर आहे, टाळ्या घेतं. पण तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ते टाकलंत, तर मुलाखतीत कुणीतरी विचारणारच, ‘हे सिद्ध कसं करणार?’ पेशा आणि चित्र यांचा संबंध असेलही, पण तो एखाद्या ठरावीक चित्रात ठरावीक जागी दाखवता आला पाहिजे. नाहीतर तो योगायोगच.

त्याच काळात, त्याच प्रकारच्या जागेकडे दुसऱ्या एका माणसाने बघितलं होतं. निस्सीम इझिकेल. बास्तानीमधल्या सूचनांच्या पाटीवरून त्यांनी एक इंग्रजी कविता केली, ती खूप गाजली. आता बघा, जागेचा प्रकार एक आणि साधनं दोन. कवीला पाटी दिसली, चित्रकाराला बसलेली माणसं. पाटी वाचायची इतिहासकारांची एक जुनी युक्ती आहे: मनाई केलेली असेल, तर ती गोष्ट लोक नक्की करत असणार. कुणी करतच नसेल तर पाटी रंगवायचा खर्च कोण करेल? म्हणजे पाटीवरून मालकाचा वैताग कळतो आणि त्यातून उलट्या वाटेने गिऱ्हाइकाच्या सवयी कळतात. चित्र मात्र गिऱ्हाइकाच्या बाजूचं टेबल धरून बसलंय. दोन्ही साधनं शेजारी ठेवलीत तर त्या जागेचा बराच अंदाज येतो.

आता माझा विषय, तैलरंग. हे थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्या प्रश्नाची किल्ली मला इथे सापडली.

तैलरंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेली रंगाची पूड. आपण ‘वाळतो’ म्हणतो, पण पाणी उडून जाऊन कपडे वाळतात तसा तो वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याच्या रेणूंची एकमेकांत जाळी विणली जाते. वाळताना सुरुवातीला त्याचं वजन चक्क वाढतं! वरून हाताला कोरडा लागायला काही दिवस जातात, जाड थर आतून वाळायला महिने. म्हणून पूर्वापार सल्ला असा, की व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने लावा. आपल्या पावसाळ्याचं गणित आणखी वेगळं, त्यावर माझी तीन वर्षं गेली आहेत, ते पुन्हा कधीतरी.

याचा हॉटेलशी संबंध काय? हॉटेलातला चहा दहा मिनिटांत संपतो. पेन्सिलने रेखाटन त्या वेळात होतं. तैलचित्राला आठवडे लागतात, आणि तोवर तो माणूस उठून कामावर गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा. म्हणजे तैलचित्रात टेबलाशी बसलेला माणूस बहुतेक वेळा अनेक भेटींमधून, रेखाटनांमधून, आठवणीतून गोळा केलेला असतो. फोटोतला माणूस मंगळवारी सव्वाचारला तिथे होता. तैलचित्रातला माणूस तिथे ‘असायचा’. मराठीत या ‘असायचा’साठी वेगळं क्रियारूप आहे हे आपलं भाग्यच. तैलचित्र रीतीभूतकाळात बोलतं, आणि त्याला साध्या भूतकाळातले प्रश्न विचारले की ते चुकीची उत्तरं देतं.

हे मला शहाणपणाने सुचलेलं नाही, मार खाऊन कळलंय. पहिल्या वर्षाच्या सेमिनारमध्ये मी व्हॅन गॉगचं ‘द नाइट कॅफे’ दाखवलं होतं. सप्टेंबर १८८८, फ्रान्समधलं आर्ल गाव, कॅफे द ला गार. व्हॅन गॉग याच कॅफेच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होता, मालक ओळखीचे, म्हणजे आवडतं नाक्यावरचं हॉटेलच म्हणा. चित्रात लाल भिंती, हिरवं छत, पिवळे दिवे, आणि घड्याळात बाराला सव्वा तास... नाही, सव्वाबारा वाजलेत. (ही चूक मी तेव्हाही बोलताना केली होती, म्हणून मुद्दाम ठेवली.) मी मोठ्या आत्मविश्वासाने त्या पिवळ्या रंगावरून कॅफेतल्या उजेडाचं वर्णन करायला लागले. मागच्या बाकावरून एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारलं, ‘तू त्याची पत्रं वाचलीस का?’

नव्हती वाचली. भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात तो स्वच्छ सांगतो, की चित्रासाठी तीन रात्री जागलो, दिवसा झोपलो, आणि लाल-हिरव्या रंगांच्या झगड्यातून माणसाच्या भयानक वासना दाखवायचा प्रयत्न केला. म्हणजे ते घड्याळही एका रात्रीचं नाही, तीन रात्री एकावर एक रचलेल्या आहेत. आणि भिंती मोजण्यासाठी लाल नाहीत. वर रसायनशास्त्राची विद्यार्थिनी असून मी दुसरी गोष्टही विसरले होते: १८८८ चा रंग आज तसाच दिसत असेल हे कशावरून? २०११ साली ग्रेनोब्लच्या सिंक्रोट्रॉनवर केलेल्या कामातून कळलं, की व्हॅन गॉगने वापरलेल्या क्रोम यलोच्या काही प्रकारांत उजेडामुळे क्रोमियमची अवस्था बदलते, आणि पिवळा तपकिरीकडे झुकतो. तेव्हा रंगावरून बोलण्याआधी रंगाचं वय विचारा. त्या दिवशी घरी जाताना लोकलमध्ये मी कुणाशी बोलले नाही.

आता एक उदाहरण चांगल्या संशोधनाचं. एदुआर माने, ‘अ बार ॲट द फोली-बेर्जेर’, १८८२. पॅरिसच्या रंजनगृहातला बार, संगमरवरी काउंटरमागे उभी मुलगी, तिच्या मागे भलाथोरला आरसा. बार खरा, मुलगीही तिथेच काम करणारी, पण चित्र रंगवलं स्टुडिओत. आजारी मानेने ती मुलगी बोलावली, काउंटर मांडला. काउंटरवर बाटल्या आहेत, त्यांतल्या काहींवर लाल त्रिकोण दिसतो. हे इंग्लंडच्या बास बिअरचं चिन्ह. म्हणजे पॅरिसच्या बारमध्ये इंग्रजी बिअर मिळत होती, आणि चित्रकाराला ती दाखवावीशी वाटली. असा बारीक तपशील व्यापाराच्या इतिहासाला सोन्यासारखा असतो, कारण चित्रकाराला त्यातून काही सिद्ध करायचं नसतं.

पण आरशात घोटाळा. मुलीचं प्रतिबिंब भलतीकडे उजवीकडे सरकलंय, आणि ते एका पुरुषाशी बोलतंय जो समोर दिसतच नाही. शंभरेक वर्षं लोक म्हणत आले, की हे अशक्य आहे. चित्राच्या एक्स-रेमध्ये दिसतं, की आधी तिचे हात वेगळ्या तऱ्हेने, पोटापाशी एकमेकांवर होते, आणि प्रतिबिंब मानेने रंगवता रंगवता सरकवत नेलं. (एक्स-रेला जुने थर दिसतात, कारण सफेद्यातलं शिसं किरण अडवतं. हाडांतलं कॅल्शियम अडवतं तसंच.) मग २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात माल्कम पार्क यांनी पीएच.डी.साठी हाच प्रश्न घेतला. बारची मांडणी पुन्हा उभी केली, फोटो काढले, आणि दाखवून दिलं की आपण समोर मधोमध उभे आहोत हे गृहीतकच चुकीचं आहे. बघणारा बाजूला उभा असेल, तर हे प्रतिबिंब बरंचसं जुळतं.

मला हे उदाहरण फार आवडतं. तुमच्यातल्या ज्यांना वाटतं की आपला विषय फारच लहान आहे, त्यांनी लक्षात ठेवा: एक बार, एक आरसा, एक प्रश्न, एवढ्यावर पीएच.डी. झालेली आहे. आणि उत्तर नव्या साधनातून आलेलं नाही. चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच टांगलेलं होतं.

उलटंही होतं. एडवर्ड हॉपरच्या ‘नाइटहॉक्स’मधलं (१९४२) उपाहारगृह न्यूयॉर्कमध्ये नेमकं कुठे होतं, यावर लोकांनी वर्षानुवर्षं डोकं लावलं. एक रिकामा प्लॉट जवळपास ठरलाच होता. मग एका ब्लॉगलेखकाने पालिकेचे जुने फोटो आणि नोंदी काढून पाहिल्या, तर त्या प्लॉटवर त्या काळात पेट्रोल पंप! हॉपरने स्वतःच सांगून ठेवलं होतं, की एका हॉटेलावरून सुचलं खरं, पण दृश्य सोपं केलं आणि हॉटेल मोठं केलं. त्यांचा तो शोध फुकट गेला असं मी म्हणणार नाही. पण शहराच्या नोंदी पहिल्या दिवशी बघायच्या असतात, शेवटच्या दिवशी नाही.

तर पुन्हा कशेळी.

मी पोराला फोन केला. विचारलं, खांब का नाही काढलास? म्हणाला, ‘ताई, मी तिथे बसतो तेव्हा मला खांब दिसतच नाही ना. मी दाराकडे बघतो.’ आणि झाड? ‘झाडाखाली आजोबा बसायचे.’ झालं. पन्नास वर्षांनंतरच्या संशोधकाला हवं ते इथेच आहे. मेट्रोचा खांब कुठे होता, हे कळायला कंत्राटदारांचे नकाशे असतील, उपग्रहाचे फोटो असतील. ज्या पोराचं बालपण त्या दारात गेलं त्याच्या नजरेतून काय गळलं आणि काय तोडल्यानंतरही उभं राहिलं, याची नोंद कुठल्याच कार्यालयात होत नाही.

फक्त एक अट. हे सगळं त्या संशोधकाला कळणार कसं? तो तर झाड बघून लिहून टाकेल, की अमुक साली हॉटेलसमोर झाड होतं, मेट्रो आलेली नव्हती. व्हॅन गॉगची पत्रं आहेत म्हणून माझी चूक पकडली गेली. पत्रं नसती तर? म्हणून मी त्याला काम लावलं. चित्र कधी सुरू केलं, कधी संपवलं, कुठे बसून रेखाटनं केली, काय मनाने घातलं, काय गाळलं, हे सगळं लिहून काढ. रेखाटनं फेकू नकोस. मालकांशी बोल, ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिही. हॉटेल किती सालचं, चहा पहिल्यांदा कितीला होता, हमालांची उधारी कुठल्या वहीत असते. आणि जागेची मोजमापं टेपने घे, चित्रासाठी नाही, वहीसाठी. कुठलं वाणसामान कुठून येतं तेही. ठाण्यात मामलेदार कचेरीशेजारच्या मिसळीला कचेरीचंच नाव पडलं, आणि आज लांबून येणाऱ्या कितीतरी जणांना मामलेदार हा शब्दच मुळी मिसळीमुळे माहीत आहे. हॉटेलांच्या पोटात असं काय काय टिकून राहतं, आधीपासून सांगता येत नाही.

पोराने कुरकुर केली. ‘मला चित्र काढायचंय, ताई, सर्व्हे नाही.’ मी म्हटलं, चित्राला हात लावू नकोसच. खांब घुसडू नकोस, झाड पुसू नकोस. वही वेगळी, चित्र वेगळं.

गेल्या रविवारी तो वही घेऊन हॉटेलात गेला. मालकांनी आधी विचारलं, ‘कुठल्या ऑफिसातून आलास?’ रस्त्याच्या मोजणीवाले समजले बहुतेक. मग ओळखलं, चहा दिला, आणि दोन तास बोलत राहिले. टेबलांचा विषय मात्र सोडला नाही. पोराने समजावून बघितलं, की त्याच्या खुर्चीवरून तीनच दिसतात, बाकीची दोन भिंतीमागे आतल्या बाजूला आहेत. ते काही ऐकेनात. शेवटी दोघांची तडजोड झाली. चित्र आहे तसं राहिलं, आणि कॅनव्हासच्या मागच्या लाकडी पट्टीवर पोराने तारीख घालून पेन्सिलने लिहिलं: टेबलं पाच, दोन आत. खाली मालकांनी सही केली.